डाळिंबाची फांदी आणि राहून गेलेली एक ओळ

ह्या हकिगतीचा शेवट चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक अर्ध्यातच माझ्याकडे असे बघायला लागतात, जशी काही मी कुणाच्या जिवावर उठले होते. तसं काही झालं नाही. पण सोमवार ते गुरुवार मला अगदी तसंच वाटत होतं. आणि का वाटू नये, चूक माझ्याच हातची होती.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात डिझाईन मास्तर होते. आम्ही त्यांना नान्ना म्हणतो, आईला अम्मा. सोलापुरातल्या बऱ्याच विणकर घरांसारखं आमचंही घर तेलुगू. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि भांडण पेटलं की घरातही मराठी. अम्माचं म्हणणं, शेजाऱ्यांनाही कळू दे बरोबर कोण आहे ते.

नान्नांचं काम बैठं आणि डोळ्यांचं. बारीक चौकटींचा मोठा कागद घ्यायचा आणि ब्रशनं एकेक चौकोन रंगवायचा. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, कार्डं जकार्डच्या मागावर चढवतात, आणि माग ती भोकं वाचत वाचत चादरीवर नक्षी काढतो. मोर, कमळं, वेलबुट्टी, सगळं त्यातूनच. एक चौकोन चुकला की निघेल त्या प्रत्येक चादरीवर तीच चूक. म्हणून असेल, नान्ना घरी बोलायचेही मोजूनमापून.

त्यांच्या साऱ्या डिझाईनांत एक होतं डाळिंबाच्या फांदीचं. फुलं, कळ्या, पानं, उकललेलं एक फळ, आणि किती तरी रंग. ते कुणी सांगितलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी घरी बसून, स्वतःच्या हौसेनं काढलेलं. मालकांनी बघितलं, छान आहे म्हणाले आणि परत दिलं. "मास्तर, चादर पांघरायची असते. एवढे रंग कोण भरत बसणार?" नान्नांनी कागदाची गुंडाळी केली आणि घरी आणली. चादरीवर ती फांदी कधी आलीच नाही. मी तेव्हा शाळेत होते. त्यानंतर घरात डाळिंब आलं की अम्मा त्यांच्याकडे बघून हसायची आणि नान्ना वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे.

मग त्यांची शुगर डोळ्यांत उतरली. इंजेक्शनं चालू झाली, पण डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलंय ते परत येणार नाही, उरलंय ते टिकवायचं, आणि तेही किती दिवस टिकेल सांगता येत नाही. एका डोळ्यानं मधलं काही दिसेना. दुसरा अजून कामाचा होता. किती कामाचा, ते मात्र नान्ना कुणाला कळू द्यायचे नाहीत. अम्मा मुद्दाम तांदूळ निवडायला द्यायची, आणि ते "मी काय बाईमाणूस आहे का?" म्हणून ताट सरकवायचे.

हे सगळं त्यांच्या कारखान्यातल्या एका जुन्या विणकराच्या कानावर गेलं. तो मूळचा नातेपुत्याकडचा, आता स्वतःचे चार माग टाकून बसलेला. एका सोमवारी सकाळी घरी आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मास्तर, माजा जकार्डचा माग म्हैनाअखेरीला भंगारात चाललाय. त्याच्या आदी तुमची ती डाळिंबाची फांदी काडू की. तुमी बगून घ्या. मला बी बगायचीय." कार्डं पाडणारा माणूस शनिवारी यायचा होता, तोवर डिझाईनची फाईल त्याच्या हातात हवी.

तो गेल्यावर नान्ना माझ्या खोलीच्या दारात आले. मग मला विचारलं, "आहे ना गं ते तुझ्याकडे?"

"आहे म्हणजे काय, नान्ना! दोन-दोन ठिकाणी आहे," मी छातीठोकपणे सांगितलं.

हे माझ्याकडे कसं, तेही सांगायला हवं, कारण तिथंच माझी मान अडकली होती. जुन्या घरातून आम्ही 'जुळे सोलापूर' भागात फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा नान्नांच्या कागदांना धड जागा नव्हती. निम्म्यांना वाळवी लागलेली. मी वर्षभर दर रविवारी बसून एकेक कागद स्कॅन केला, चौकोन न् चौकोन तपासला, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवला आणि जाहीर केलं, "आता कागद द्या रद्दीत." नान्ना म्हणाले, "राहू दे की माळ्यावर." मी म्हटलं, "कशाला? माझ्यावर विश्वास नाही का?" झालं. ह्यापुढं बाप काय बोलणार? रद्दीवाला आला आणि त्यांची अख्खी नोकरी हातगाडीवर घालून घेऊन गेला. रिकाम्या जागी अम्मानं गव्हाची कोठी ठेवली.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरी बसून करते, ते पोटासाठी. दुसरं एक करते ते बिनपगारी. डिस्कवर कुठली वस्तू कुठं ठेवली आणि ती परत कशी काढायची, हे बघणारी एक व्यवस्था असते. तिला फाईल सिस्टीम म्हणतात. मी वापरते ती कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरातली माणसं मिळून ती घडवतात. कुणीही उघडून वाचावी, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. मीही अधूनमधून पाठवते. अम्माला हे अजून पटलेलं नाही. "फुकट काम करतेस ते करतेस, वर चुकलीस तर बोलणीही खातेस?" असं ती विचारते. आणि खरंच, खाते.

विणकर आला त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, मला हुक्की आली होती. नान्नांचा कॉम्प्युटर जुना. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की ते बटण दाबून आंघोळ उरकून यायचे. मी ठरवलं, ह्याचा कर्नल छाटायचा. कर्नल म्हणजे मशीन सुरू झालं की सगळ्यात आधी जागा होणारा मुख्य प्रोग्राम. बाकीचे सगळे त्याच्या परवानगीनं चालतात. तो आपल्याला हवा तसा बांधून घेता येतो, पण बांधण्याआधी तो हजारो प्रश्न विचारतो. हे ठेवू का, ते ठेवू का, ह्या जातीचा प्रिंटर, त्या जातीचा कॅमेरा. शहाणी माणसं सगळ्याला हो म्हणतात आणि मोकळी होतात. मला नको म्हणायला आवडतं. नको, नको, हेही नको, हे तर मुळीच नको. लग्नाची स्थळं आली तेव्हाही मी हेच केलं, असं अम्मा येईल-जाईल त्याला सांगते. छाटून छाटून कर्नल इतका सडसडीत केला की मशीन चहाला उकळी फुटायच्या आत सुरू व्हायला लागलं. मी एवढी खूश झाले की उत्तरांची तीच यादी माझ्या लॅपटॉपलाही लावून टाकली.

सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी पहिली डिस्क नान्नांच्या मशीनला जोडली. मशीन म्हणालं, डिस्क वाचता येत नाही, ताळा जुळत नाही.

ताळा म्हणजे शाळेत गणित सोडवून झाल्यावर करायचो तोच. फाईल सिस्टीम कुठलीही गोष्ट ठेवताना तिच्यावरून एक आकडा काढते आणि शेजारी लिहून ठेवते. वाचताना तो पुन्हा काढून बघते. जुळला तर माल शाबूत, नाही जुळला तर कुठंतरी बिघडलंय. म्हणजे माझी डिस्क बिघडली होती. असू दे, मी मनात म्हटलं, म्हणून तर दोन ठेवल्यात. दुसरी डिस्क अम्माच्या कपाटात साड्यांच्या घड्यांमध्ये होती. ती काढली, जोडली. ताळा जुळत नाही.

माझे हातपाय गार पडले. म्हणजे खरोखरच. एप्रिल महिना, सोलापूर, आणि मी उठून पंखा बंद केला. मग दोन्ही डिस्क लॅपटॉपला लावून बघितल्या. दोन डिस्क, दोन मशिनी, चारही वेळा तेच वाक्य. कुणी म्हणेल, शेजारपाजारच्या कॉम्प्युटरवर बघायचं. पण शेजाऱ्यांकडे ही फाईल सिस्टीमच नसते. त्यांची मशिनी माझी डिस्क बघून सरळ विचारतात, पुसून टाकू का?

बाहेरून नान्नांनी विचारलं, "सापडलं का, तल्ली?" तल्ली म्हणजे आई. तेलुगू बाप लेकीला लाडानं तसं म्हणतात. मी आतूनच खेकसले, "जरा काम करू द्याल का?" माझा स्वभावच तसा. रडू यायला लागलं की मी आधी खेकसून घेते.

मंगळवारी ऑफिसला ताप आलाय असं कळवलं, आणि ते फारसं खोटं नव्हतं. मग फाईल सिस्टीम घडवणाऱ्या लोकांना एक पत्र लिहिलं. ईमेलच, पण ते सगळ्यांना जातं आणि कायमचं राहतं. तुमच्या ह्या व्यवस्थेनं माझ्या दोन चांगल्या डिस्क खाल्ल्या, असंच चालायचं असेल तर लोकांनी कुणाच्या भरवशावर राहायचं, वगैरे. विशेषणं बरीच होती. बुधवारी त्यांच्यातल्या एकाचं दोन ओळींचं उत्तर आलं. कर्नल बांधताना दिलेल्या उत्तरांची यादी पाठवा, आणि तोवर दुरुस्तीचं साधन चालवू नका. माझं टाळकंच सरकलं. माझ्या घराला आग लागलीय आणि हा माणूस विचारतोय, चुलीत कुठली लाकडं घातली होती! मी यादी पाठवली नाही.

गुरुवारी सकाळपर्यंत माझा धीर सुटला आणि मी नेमकं तेच दुरुस्तीचं साधन काढलं. ते डिस्क नव्यानं लावून देतं, आणि ज्याचा ताळा जुळत नाही ते बाद समजून फेकून देतं. काहीतरी तरी वाचेल, एवढाच हिशेब. आज्ञा टाईप केली. फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं आणि माझं बोट त्याच्यावर होतं.

तेवढ्यात नान्ना दार ढकलून आत आले. भिंतीला हात लावत लावत आले आणि मी बघतेय हे कळल्यावर कॅलेंडर सरळ केल्यासारखं करायला लागले. मला ते बघवेना.

"एमैंदि?" त्यांनी विचारलं. म्हणजे काय झालं. "तीन दिवस झाले, जेवताना मान वर करत नाहीस."

मग मी सांगूनच टाकलं. दोन्ही डिस्क गेल्या. फांदी गेली. मोर गेले, कमळं गेली, सगळं गेलं. आणि कागद मीच द्यायला लावले होते. नाक पुसत, हुंदके देत, एका दमात सगळं ओकले.

स्वयंपाकघरातून अम्मा मराठीत कडाडली, "तरी मी म्हणत होते!" तिनं काहीएक म्हटलेलं नव्हतं. कोठी तिचीच आहे. पण तेव्हा तिच्याशी भांडायचंही त्राण माझ्यात नव्हतं.

नान्ना पलंगाच्या कडेला बसले. मला वाटलं, आता हे "जाऊ दे" म्हणणार. ते तसं म्हणाले असते तर मला जन्मभर तोंड दाखवता आलं नसतं. पण त्यांनी विचारलं, "दोन्ही गेल्या?"

"हो."

"एकाच दिवशी?"

"हो."

"आणि चूक तीच? एकाच जागी?"

"तीच, नान्ना. पहिल्याच पायरीला. शब्द न् शब्द तोच."

"मग डिस्कच्या मागं काय लागलीस?" ते एकदम मास्तरांच्या आवाजात म्हणाले. तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "चादरीत चूक निघाली की मी आधी काय सांगायचो? शेजारच्या मागावर बघा. तिथली चादर चांगली असली तर हा माग बिघडलाय, मिस्त्रीला बोलवा. पण दोन मागांवर एकाच जागी तीच चूक निघाली, तर मागाला हात लावायचा नाही. दोन माग ठरवून बिघडतात का कधी? तेव्हा कार्ड तपासायचं. बोल, दोन्हींना सारखं काय लावलंयस तू?"

दोन्हींना सारखं काय लावलं होतं? माझी ती उत्तरांची यादी. माझं नको, नको, हेही नको.

तापल्या तव्यावरून उचलावं तसं मी एंटरवरून बोट उचललं, आणि टाईप केलेली आज्ञा एकेक अक्षर करून खोडली.

मग यादी उघडली. ताळा काढायच्या पद्धती एक नाही, बऱ्याच असतात. डिस्क तयार करताना मी त्यातली सगळ्यात नवी पद्धत निवडली होती, का, तर नवी होती म्हणून. आणि रविवारी कर्नल छाटताना त्याच पद्धतीचं नाव प्रश्न बनून समोर आलं, तेव्हा हे कुठलं आणखी खूळ असं म्हणून मी नको म्हटलं होतं. मीच! कर्नलकडे ती पद्धतच उरली नव्हती. आणि फाईल सिस्टीमनं "मला ह्या पद्धतीनं ताळा काढता येत नाही" असं सरळ कबूल करायचं सोडून "ताळा जुळत नाही" असं ठोकून दिलं. डिस्क ठणठणीत होत्या. दोन्हीही. आणि मी त्यांची चिरफाड करायला बसले होते.

त्या एका नकोचं हो केलं आणि कर्नल पुन्हा बांधायला लावला. तासाभराचं काम. नान्ना पलंगावरून हलले नाहीत. अम्मानं दोनदा जेवायला हाक मारली, कुणी उठेना, मग तीच भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आली आणि आमच्यात बसली. कुणीच घास घेत नव्हतं. मशीन बंद झालं, सुरू झालं. मी डिस्क जोडली.

काहीच झालं नाही. म्हणजे तक्रार नाही, ते मेलं वाक्य नाही, काही नाही. आणि मग पडद्यावर नावं उमटली, एकाखाली एक. मोर. कमळ. डाळिंब.

माझा जीव भांड्यात पडला. मी अम्माला अशी मिठी मारली की तिच्या हातातली चटणी पलंगपोसावर सांडली. तरी ती ओरडली नाही, ह्यावरून तिची धास्ती ओळखा. दुसरी डिस्क लावली, तीही उघडली. मी तीन वेळा बंद करून तीन वेळा उघडली, नुसती मजा म्हणून.

नान्नांनी खुर्ची ओढली आणि नाक पडद्याला टेकेल इतके पुढं वाकले. "मोठं कर." केलं. "अजून." केलं. पडद्यावर नुसते रंगीत चौकोन उरले. ते बघत राहिले, बघत राहिले, आणि "सरे" म्हणाले. सरे म्हणजे ठीक आहे. त्यांना काय दिसलं, किती दिसलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

शुक्रवारी फाईल विणकराकडे पोचती केली आणि मला वाटलं, सुटले बाई. तर रात्री जेवताना नान्ना म्हणाले, "कार्ड दुरुस्त केलंस ते बरं केलंस. बाकीच्यांना कळवलंस?"

"कुणा बाकीच्यांना?"

"तेच कार्ड जे कुणी लावणार त्यांना. आमच्याकडे एका मागावर कार्डाची चूक सापडली की त्या नक्षीचे सगळे माग थांबवायचे. मगच डबा उघडायचा."

मी हातातला घास तसाच ठेवला. इतका वेळ मी फक्त माझं नको बघत होते. पण त्या यादीनं मला नको म्हणू दिलंच कसं? कर्नलच्या प्रश्नांमध्ये एक सोय असते. एका गोष्टीला हो म्हटलं की तिला लागणाऱ्या बाकीच्या गोष्टी आपोआप याव्यात, अशी ओळ तिथं लिहून ठेवता येते. सकाळी उठून बघितलं, तर फाईल सिस्टीमच्या नावाखाली ताळ्याच्या जुन्या पद्धतींच्या ओळी होत्या. नवी पद्धत आली तेव्हा तिचं सगळं लिहिलं गेलं, फक्त ही ओळ राहून गेली. कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण लोक सगळ्यालाच हो म्हणतात. त्यांच्याकडे ती पद्धत दुसऱ्याच कशाबरोबर तरी आलेली असायची. अडली ती माझ्यासारखी नकोबाईच. म्हणजे चूक माझी होती, पण एकटीची नव्हती! मी खुर्चीत मागं रेलून मोठ्यांदा हसले. अम्मानं आत डोकावून बघितलं, मला खरंच ताप नाही ना म्हणून.

राहिलेली ओळ मी लिहिली. एक ओळ, बस. शिवाय पद्धत नसेल तर सरळ तसं सांगावं, उगाच ताळ्याला दोष देऊ नये, अशीही दुरुस्ती केली. सोबतच्या पत्रात आधीच्या पत्राबद्दल माफी मागितली आणि यादी जोडली, जी बुधवारीच जोडायला हवी होती. पुन्हा त्याच माणसाचं उत्तर आलं. दोन दुरुस्त्या वेगवेगळ्या पाठवा, वर्णन अर्धं करा, विशेषणं काढा. मी दात-ओठ खात विशेषणं काढली. त्यानं तीनदा लिहायला लावलं. तिसऱ्यांदा कळवलं की दोन्ही घेतल्या, आणि खाली एक वाक्य होतं: साधन चालवलं नाहीत हे फार बरं झालं, त्यानं सगळंच बाद धरून डिस्क कोरी केली असती.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. उठून नान्नांच्या खोलीत गेले. ते आडवे पडले होते. मी पायाशी जाऊन बसले. "काय गं?" त्यांनी विचारलं. "काही नाही," मी म्हटलं. पुढं काही दिवसांनी कुणा अनोळखी माणसाचं पत्र आलं. आपली डिस्क मेली समजून त्यानं खणात टाकली होती, नवी ओळ लावल्यावर ती उघडली, त्यात लेकराचे फोटो होते. ते पत्र मी नान्नांना तेलुगूत वाचून दाखवलं. "बघ, त्याचा माग किती दिवस बंद होता," ते म्हणाले, आणि मला वाटतं माझ्या त्या बिनपगारी कामाबद्दल ते पहिल्यांदाच खूश झाले.

महिना संपायला आला तसा विणकराचा फोन आला. "मास्तरास्नी घिऊन या. झालीया."

आम्ही तिघं रिक्षा करून गेलो. खाली उतरताना नान्नांचा पायरीचा अंदाज चुकला आणि अम्मानं दंड धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला. शेडमध्ये मागांचा खडखडाट चालला होता. विणकरानं सगळे माग बंद केले. मग तो आणि त्याची बायको असं दोघांनी चादर दोन टोकांना धरून दारातल्या उजेडात पसरली.

काय सांगू! पडद्यावर मी ती फांदी पन्नासदा बघितली होती, पण ही वेगळीच. सुताची. जड. फळ असं उकललेलं की दाणे सांडतील. अम्मानं तोंडाला पदर लावला.

नान्ना पुढं झाले. मान वाकडी करून, चांगला डोळा चादरीला जवळजवळ टेकवून, एका टोकापासून सुरू झाले. फुलावरून कळीवर, कळीवरून फांदीवर. हात मागं बांधलेले. विणकर माझ्याकडे बघायला लागला. सगळं वेळेत झालं होतं. डिस्क उघडली, फाईल पोचली, माग भंगारात जायच्या आत चादर निघाली. आणि नान्नांचा हा डोळाच त्याआधी गेला असेल तर? नान्ना आता "छान आहे" म्हणतील, सगळ्यांच्या समाधानासाठी, तांदळाचं ताट सरकवतात तसंच. मला ते दोन शब्द ऐकायचे नव्हते.

ते ताठ उभे राहिले आणि ओरडले, "हे कुणी केलं?"

विणकराच्या हातातलं टोक सुटता सुटता राहिलं. "का वो मास्तर, काय झालं?"

"पानाचा हिरवा वेगळा आणि देठाचा हिरवा वेगळा! माझ्या कागदावर दोन हिरवे आहेत. तू दोन्हीकडे एकच लावलास!"

"दुसरा संपला हुता," तो मान खाजवत म्हणाला. "जवळपास सारकाच हाय की, मास्तर. म्हटलं, कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय!" नान्ना गरजले. "मला दिसतंय ना!"

अम्मा त्यांना आवरायला पुढं निघाली. माणसानं एवढं हौसेनं करून दिलं आणि हे काय बोलणं, असं काहीतरी पुटपुटत होती. मी तिचा हात घट्ट धरला. मला धड दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

"ओरडू दे त्यांना, अम्मा," मी म्हटलं. "अजून ओरडू दे."